उभ्या स्प्लेंडरला पहिली किक मारण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००१ ची स्प्लेंडर, वडिलांच्या नावावर, २०१६ पासून कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीच्या घरी गोठ्यात उभी. २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांत गोठ्यात पाणी आलं, "पण निम्म्या चाकाच्या वर गेलं नाही". आता किक खाली जात नाही. जवळच्या मेकॅनिकनं काही न उघडता सांगितलं, इंजिन गेलंय, ब्लॉक-पिस्टन (सिलिंडर आणि आतला दट्ट्या) करावा लागेल, त्यातच कलरही करून घ्या. तुम्ही गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला, पान्ना हातात धरायची सवय आहे, सुट्टीच्या दिवशी घरीच करायचा विचार आहे. जमेल का, सुरुवात कुठून करू आणि खर्च किती, हे तुम्हाला हवंय.

जमेल. घरी उघडून बसायला स्प्लेंडरइतकी सोशिक गाडी दुसरी नाही, आणि पार्ट अजून गल्लीबोळातल्या दुकानात मिळतात. पण तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा येतो, तो तुम्ही विचारलेला नाही. ही गाडी २०१६ ला का थांबली?

चालती गाडी कुणी सहजासहजी गोठ्यात लावून विसरत नाही. क्लच घसरत असतो, धूर वाढलेला असतो, घरात नवी गाडी येते, नाहीतर कागद संपतात. म्हणून उभ्या गाडीचे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. ज्या दोषामुळं ती थांबली तो दोष एक. तो आजही आत जसाच्या तसा आहे. उभं राहून जे बिघडलं ते दुसरं. बहुतेक जण दुसऱ्याच्याच मागं लागतात, कारण गंज डोळ्याला दिसतो. सगळी गाडी चकाचक होते, सुरूही होते, आणि थोड्याच दिवसांत जुनं दुखणं डोकं वर काढतं. तोवर टाकीवर नवा कलर बसलेला असतो आणि खिसा रिकामा झालेला असतो.

तुम्ही लिहिलंय, बाबा म्हणतात, "चालत होती की चांगली, जरा धूर मारायची एवढंच." हे वाक्य सोडू नका. त्यांच्याजवळ बसून नीट विचारा. धूर सकाळी पहिल्या किकला यायचा आणि मग थांबायचा, की रस्त्यावर ॲक्सिलरेटर दिला की कायम मागं पट्टा दिसायचा? मध्येच ऑइल टाकावं लागायचं का? नुसता पहिल्या किकला निळसर भपका असेल तर बहुतेक वॉल्व्हचे सील कडक झालेत, ते स्वस्तातलं काम आहे. गाडी ओढताना कायम धूर असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि ब्लॉक झिजलेत. त्या मेकॅनिकचा अंदाज कदाचित बरोबरही निघेल, पण तो अंदाज आहे.

आता दुसरी गोष्ट बघा. २००१ च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१६ ला संपली. गाडीही २०१६ लाच उभी राहिली. हा मला योगायोग वाटत नाही. बाबांनी धुराला कंटाळून नव्हे, तर पासिंगची कटकट नको म्हणून गाडी लावली असेल, तर आतलं इंजिन थांबताना बऱ्या स्थितीत होतं असं धरायला जागा आहे. आरसी बुकावरची तारीख काढून बघा.

बुक हातात आलंच आहे तर एक पैसा खर्च करण्याआधी ताराबाई पार्कात आरटीओला जाऊन या. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. २० वर्षांवरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून २,००० रुपये झालंय. शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्यानं नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट. तुमच्या गाडीचा एकूण आकडा किती ते तिथंच विचारा. जाण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी ताडून घ्या. चासी नंबर हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. गंज चढला असेल तर डिझेलच्या फडक्यानं पुसायचा. तिथं ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावला आणि एखादा आकडा पुसट झाला, तर पुढं सिद्ध करत बसावं लागेल की गाडी आपलीच आहे.

आता पाणी. "निम्म्या चाकापर्यंतच आलं" असं तुम्ही दिलाशानं लिहिलंय, पण जरा टेप घेऊन मोजा. स्प्लेंडरचं चाक १८ इंची, टायरसकट एक्सल (चाकाचा मधला दांडा) जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर येतो. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे पाणी एक्सलपर्यंत आलं तर इंजिनाचा खालचा बराच भाग, गिअर आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) असतात तो, पाण्याखाली होता. दोन्ही ब्रेक ड्रम निम्मे भरले होते, सायलेन्सरच्या तोंडातूनही पाणी आत गेलं असणार. गोठ्याच्या भिंतीवर पुराची रेघ अजून दिसत असेल. गाडी जिथं होती तिथंच उभी करून त्या रेघेची उंची एअर फिल्टरच्या डब्याशी आणि कार्बोरेटरशी लावून बघा. रेघ कार्बोरेटरच्या खाली असेल तर तिथून पाणी आत गेलं नसणार, वर असेल तर गेलं असण्याची भीती. दोन पुरांच्या दोन रेघा असतील तर वरची धरायची.

पाणी इंजिनात गेलंय का, हे उत्तर ऑइल देतं. म्हणून सगळ्यात पहिलं काम ऑइल काढायचं, किक नव्हे. किकला तर हातच लावू नका, पायही नको. आत गंजाचा कण किंवा पंचगंगेचा गाळ असेल तर पहिल्याच फेऱ्यात तो बेअरिंगमधून दळला जातो.

पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली आडवी कापून ड्रेन बोल्टखाली ठेवा. बोल्ट एकदम काढू नका, सैल करून हळूहळू सुटू द्या, कारण पाणी ऑइलपेक्षा जड असतं, तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. पहिल्या चार चमच्यांतच सगळं कळतं. काळं, दाट ऑइल सलग आलं तर उत्तम. जादा दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी मिसळलंय, पण नुकसान किती ते सांगता येत नाही. उभ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही थोडं पाणी साचतं. आधी निव्वळ पाणी, त्याखाली तांबूस पूड, असं आलं तर वाईट. गिअरबॉक्सची आणि क्रँकची बेअरिंगं वर्षानुवर्षं पाण्यात बसली असा त्याचा अर्थ, मग इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं. ते घरी करू नका असं मी म्हणत नाही, पण पहिल्याच गाडीवर नको. तेवढं काम माहितीतल्या मिस्त्रीकडं द्या आणि बाजूला उभं राहून बघा.

ड्रेन बोल्टचे आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत. कडक लागला तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सहा कोनी सॉकेट वापरा आणि लांब पाइप घालून झटका देऊ नका. आटे निघाले तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) घालता येते, पण सुरुवातच रडकी होते.

ऑइल बरं निघालं असं समजून पुढं जातो. किक जाम म्हणजे इंजिन जाम, असं नसतं. आधी गाडी खरंच न्यूट्रलमध्ये आहे का बघा. दिव्यावर विसंबू नका, बॅटरी केव्हाच मेलेली आहे. मागचं चाक उचलून हातानं फिरवा. चाक फिरत नसेल तर ब्रेक ड्रममध्ये धरलेला असू शकतो, पुरातल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. मग डाव्या बाजूच्या कव्हरवरची मोठी टोपी नाण्यानं उघडा. आत मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचा) नट दिसतो, त्याला सॉकेट लावून इंजिन फिरवायचं. इथं एक बारकावा आहे. इंजिन चालताना डावीकडून बघितलं तर उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतं. पण जाम इंजिनाला त्या दिशेनं जोर लावला तर इंजिन फिरण्याऐवजी नटच सुटतो. म्हणून सुरुवातीला काट्यांच्या दिशेनं, छोट्या रॅचेटनं, मनगटाच्या जोरावर. तेवढ्यानं इंजिन हललं तर तुमचं दुखणं किकशाफ्टमध्ये (किकच्या दांड्यात) आहे आणि मेकॅनिकचा ब्लॉक-पिस्टन तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही.

नाही हललं, तर प्लग काढा. प्लगच्या आजूबाजूचा कचरा आधी ब्रशनं आणि हवेनं साफ करा, नाहीतर तोच आत पडतो. प्लगच्या भोकातून अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल सोडायचं. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. गाडी सपाट उभी ठेवून तेल ओतलं तर ते खालच्या कडेला साचतं आणि पिस्टनचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. लोक म्हणतात, "आठ दिवस तेल घालून ठेवलं, काही उपयोग झाला नाही," त्याचं कारण बऱ्याचदा हेच. पुढचं चाक जमेल तितकं उंच करा. गोठ्याच्या तुळईला दोर बांधून हँडलपाशी गाडी उचलली आणि खाली विटांचा भक्कम आधार दिला तर हेड (सिलिंडरचं झाकण) वर येतं, तेल मागं पिस्टनवर जातं आणि रिंगांच्या भोवती पसरतं. गाडी नुसत्या दोरावर लटकत ठेवू नका.

मग वाट बघायची. रोज कामावरून आलात की थोडं तेल घाला, रॅचेटला हलका दाब द्या, सोडून द्या. मध्येच एक दिवस एखादा मिलिमीटर सरकल्यासारखं वाटेल. तिथं उतावीळ व्हायचं नाही. पुढं-मागं, पुढं-मागं, थोडं-थोडं. पुरेसं मोकळं झालं की मागचं चाक उचलून, टॉप गिअरमध्ये टाकून चाकानंच इंजिन फिरवा. याच वेळी हेडवरच्या टॅपेटच्या (वॉल्व्हच्या फटीच्या स्क्रूच्या) दोन्ही टोप्या काढा आणि आत तेल सोडा. इंजिन फिरवताना दोन्ही वॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का बघा. दमट जागेत उभ्या गाडीचा वॉल्व्ह गाइडमध्ये (त्याच्या नळीत) अडकून उघडाच राहू शकतो, आणि त्यावर पिस्टन येऊन आदळला तर सोपं काम महाग होतं.

कुणीतरी येऊन नक्की सांगेल की टोचन लावा, चौथ्या गिअरला क्लच सोडा, सुटतंय बघा. सुटतं कधीकधी, नाही असं नाही. पण ज्या रिंगा गंजून ब्लॉकला चिकटल्यात त्या तशा झटक्यानं तुटतात आणि ब्लॉकवर उभी रेघ ओढून जातात. बोअरिंगशिवाय (आतून कापून मोठा न करता) वाचणारा ब्लॉक तिथं हातचा जातो.

इतकं करूनही हललं नाही तर हेड आणि ब्लॉक काढायचा. स्प्लेंडरमध्ये हे इंजिन फ्रेममध्ये ठेवूनच होतं. टायमिंग चेन आत पडू नये म्हणून तिला तार बांधून ठेवा, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, बोल्ट जिथला तिथं पुठ्ठ्यावर खोचून ठेवा. ब्लॉक हातात आला की कोल्हापूरचं उद्यमनगर गाठा. लेथ, बोअरिंग, फाउंड्री एका आवारात मिळणं बाकीच्या गावांना सहजी जमत नाही, आपल्याकडं ते घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. क्रम मात्र पाळा: आधी ब्लॉक मोजून घ्या, मग त्या मापाचा पिस्टन आणा, आणि तो पिस्टन हातात देऊनच बोअर करायला सांगा. ओव्हरसाइझ पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं येतात. दोन पिस्टनांच्या मापात केसभर फरक असतो आणि चांगला बोअरिंगवाला समोरचा पिस्टन मोजूनच फट ठेवतो. पिस्टन न बघता "करून ठेवतो" म्हणणाऱ्याकडून ब्लॉक परत घ्या.

इंजिन मोकळं झालं, आता ठिणगी. नवा प्लग घ्या, जुना घासत बसू नका. या गाडीच्या सीडीआयला (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) बॅटरी लागत नाही, त्यामुळं बॅटरी आत्ताच आणायची गरज नाही. प्लग टोपीत घालून इंजिनाला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकातून अजून डिझेल उडेल, त्यामुळं भोकावर फडकं धरा आणि ठिणगीचा प्लग तिथून लांब ठेवा. ठिणगी नसेल तर लगेच सीडीआय बदलू नका. सीडीआयला येणारी काळी-पांढरी वायर फक्त गाडी बंद करण्यासाठी असते. चावी बंद केली की ती अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडली जाते आणि ठिणगी मरते. ती वायर सीडीआयपाशी तात्पुरती सोडवा. ठिणगी आली तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा उंदरानं कुरतडलेल्या वायरिंगमध्ये आहे, सीडीआय ठणठणीत. पार्टवाल्याला हे तुम्ही सांगितलं नाही तर तो सीडीआयच देणार.

गोठा ही गाडीसाठी पुरापेक्षा फार बरी जागा नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गोमूत्रातून अमोनिया सुटतो आणि तो तांब्या-पितळेला खातो. वायरिंगचे सॉकेट उघडून बघा, हिरवट-काळे झालेले दिसतील. वायरीचं टोक सोलून आतलं तांबं काळं निघालं तर तेवढा तुकडा कापून टाका, नुसतं घासून भागत नाही. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या नळ्या) पितळेचे, तेही त्यातच आले.

कार्बोरेटर उघडताना चांगला, खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. हे स्क्रू जपानी पद्धतीचे आहेत, साधा फुलीचा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. स्लो जेटचं भोक इतकं बारीक असतं की तिथं साचलेला जुन्या पेट्रोलचा चिकट थर उजेडाकडं धरल्याशिवाय दिसत नाही. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडी आयडलला कधीच सरळ चालत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. फ्लोटची सुई, गॅस्केट आणि पेट्रोलचा पाइप नवेच घ्या. २०१६ ला बाबांनी पेट्रोल भरलं तेव्हा त्यात इथेनॉल जेमतेम होतं. आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा माल आहे तो, पण जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतलं पाणी शोषतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा, मग लावा.

टाकीत गंज असणारच. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून टाकी रात्रभर भरून ठेवा. कॉक आधी काढून भोक बंद करा. सकाळी ओतून द्या, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. तासभर ओली राहिली तरी पुन्हा लाल होते. गंज घट्ट असेल तर मूठभर नट आत टाकून हलवा, फक्त टाकताना मोजा आणि काढताना परत मोजा. टाकीला भोक पडलेलं निघालं तर वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नका. कितीही जुनी, कितीही कोरडी दिसली तरी आत वाफ असते, आणि त्या वाफेनं माणसं भाजलीत.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी गोठ्याबाहेर काढा, कडबा-पिंजर असल्या वाळल्या चाऱ्याजवळ नको. टाकी अजून लावू नका. सलाईनच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन नळीनं कार्बोरेटरला द्या, मिस्त्री लोक असंच करतात. जवळ ओलं पोतं ठेवा. इंजिनात नवं ऑइल घाला, पाऊण लिटरच्या आसपास लागतं, डिपस्टिकवर बघून. ऑइल मोटारसायकलचंच हवं, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं. मोटारीच्या ऑइलनं क्लच घसरतो. टॅपेटच्या टोप्यांतून रॉकरवर (वॉल्व्ह दाबणाऱ्या हातांवर) थोडं ऑइल सोडा, कारण पंपानं वर चढवेपर्यंत ते कोरडेच फिरतात. प्लग न लावता भरपूर किका मारून आतलं डिझेल बाहेर काढा, मग प्लग लावा. सुरू झाली की खूप धूर येईल, घाबरू नका, ते आपणच घातलेलं तेल आहे. आयडलला दोन-चार मिनिटं चालवा, रेस करू नका, बंद करा, आणि गरम असतानाच ते ऑइल काढून टाका. ते स्वच्छ येईपर्यंत हे परत करायचं. गाडीला कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत फिरता फिल्टर आणि जाळी असते, तिथं गाळ साचतो. तुमच्या गाडीत पाणी गेलेलं निघालं तर उजवं कव्हर उघडून ती दोन्ही साफ करणं टाळू नका. कव्हर उघडलंच आहे तर चिकटलेल्या क्लच प्लेटही तेव्हाच सुट्या करून घ्या.

गाडी सुरू झाल्याच्या आनंदात लगेच रस्त्यावर काढू नका. ब्रेक अजून बघितलेले नाहीत. दोन्ही ड्रम उघडा. पुराच्या पाण्यात बसलेल्या ब्रेक शूवरचं लायनिंग चिकटवलेल्या जागेवरून सुटतं. वरून ठीक दिसतं, ब्रेक दाबला की सुटून ड्रममध्ये आडवं होतं आणि चाक एकदम लॉक होतं. म्हणून शू जुने कितीही जाड दिसले तरी बदला. आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेकचा कॅम काढून घासून ग्रीस लावा, चाकांची बेअरिंगं बदला, दोन्ही केबल नव्या. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी टायर जुना तो जुनाच. बाजूला चार आकडी शिक्का असतो, त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे साल. ते बघितलं की तुम्हीच बदलायचं ठरवाल. ट्यूबही सोबतच. कोनसेट (हँडलची बेअरिंगं), चेन-स्प्रॉकेट, फोर्कचे सील, स्पोक हे सगळं नेहमीचं काम आहे, एकेक सुट्टी काढून होईल. दिवे आणि हॉर्न तपासणीआधी चालू हवेत, बॅटरी तेव्हा आणा.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो तुमच्या बाटलीत काय पडतं यावर आहे. पण तीन वेगळ्या चिठ्ठ्या करा. आरटीओची चिठ्ठी ठरलेली असेल. दुसरी चिठ्ठी ब्रेक, टायर, बेअरिंग, केबल, बॅटरीची. ती कोणत्याही परिस्थितीत लागणार, पार्टच्या दुकानात यादी देऊन आजच आकडा मिळेल. तिसरी इंजिनाची, तिच्यात एकतर जवळजवळ काही नसेल, नाहीतर बोअरिंग, किंवा मग पूर्ण इंजिन. पहिल्या दोन चिठ्ठ्यांची बेरीज बघून घरच्यांशी बोला. तिसरीत पूर्ण इंजिन निघालं तर एवढ्यात चालती सेकंडहँड स्प्लेंडर येते, हे स्पष्ट सांगतो. तरीही बाबांची म्हणून करायची असेल तर करा, तो हिशेब पैशाचा नाही आणि त्यात मी पडत नाही.

कलर शेवटी. आधी केला तर इंजिन काढताना ओरखडे येतात, पेट्रोल सांडतं, आणि मुख्य म्हणजे पैसे तिथंच संपतात. टाकीचा मूळ कलर आणि पट्टे वाचण्यासारखे असतील तर रबिंग कंपाउंड मारून तसेच ठेवा, ती मूळ टाकी पुन्हा मिळत नाही. आतून-बाहेरून गंजलेली फ्रेम मात्र सोलून प्रायमर मारायलाच हवी, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या भागाच्या) खालच्या बाजूला पुराचा गाळ अडकून आतून पत्रा खातो, तिथं हातोडीनं हलकं ठोकून बघा. फ्रेमवर प्रायमर आणि कलर मारताना चासी नंबरवर टेप लावायला विसरू नका. आणि जूनमध्ये काम तिथपर्यंत आलं तर थांबा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मारलेला कलर पांढुरका पडतो, ऑक्टोबरशिवाय हात लावू नका.

गाडी तयार झाल्यावर ती गोठ्यात परत लावणार असाल तर जागा बदला. तुमच्या गावाला पाणी किती येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की गाडी आधी उंचावर न्यायची, ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही.

आता इतकंच करा: भिंतीवरच्या रेघेची उंची, बाटलीत पहिलं काय पडलं त्याचा फोटो, आणि मॅग्नेटचा नट हलतो की नाही. हे कळवा, मग उजवं कव्हर उघडायचं की नाही ते ठरवू. तोवर त्या मेकॅनिकला ॲडव्हान्स देऊ नका.